‘जॉइन’ आणि ‘जोडणे’ : इंग्रजीच्या तासासाठी एक शब्दपाठ

महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो. त्यामुळे इंग्रजी शब्दाशी मुलाची पहिली ओळख करून देण्याचे काम आता खेड्यातील प्राथमिक शिक्षकाकडे आले आहे. ही ओळख बहुधा ‘एक इंग्रजी शब्द, एक मराठी अर्थ’ अशा पद्धतीने होते. पुस्तक, झाड, गाय अशा नामांपुरती ती चालते. क्रियापदांच्या बाबतीत मात्र ती मुलाला फसविते. ‘जॉइन’ म्हणजे ‘जोडणे’ हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

‘जॉइन हँड्स’ अशी सूचना ऐकताच मुले नमस्कारासाठी हात जोडून उभी राहतात. वस्तुतः त्या सूचनेचा अर्थ ‘एकमेकांचे हात धरा’ असा आहे. नमस्काराच्या हातांसाठी ‘फोल्ड युअर हँड्स’ किंवा ‘पुट युअर पाम्स टुगेदर’ असे म्हणावे लागते. येथे मूल चुकले, पण ते अज्ञानामुळे नव्हे. त्याला मराठी चांगले येते म्हणूनच ते चुकले. हा भेद शिक्षकाने ध्यानी न घेता मुलाला हसण्यावारी नेले, तर ते मूल पुढे तोंड उघडीत नाही. इंग्रजीची भीती बसते ती अशाच प्रसंगी.

‘जॉइन’चे तीन मुख्य उपयोग

पहिला उपयोग वस्तूंचा. दोन दोरांची टोके बांधणे किंवा भूमितीत दोन बिंदू रेषेने सांधणे, येथे ‘जॉइन’ व ‘जोडणे’ हे शब्द बरोबर जुळतात. एक वस्तू दुसरीला जोडावयाची असल्यास मध्ये ‘टु’ येतो : ‘जॉइन धिस रोप टु दॅट रोप’.

दुसरा उपयोग नद्या व रस्ते यांचा. नळगंगा व विश्वगंगा या आपल्या जिल्ह्यातील नद्या पूर्णेला मिळतात आणि पूर्णा पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीला मिळते. इंग्रजीत ‘द नळगंगा जॉइन्स द पूर्णा’ असे म्हणतात. मराठीत मात्र नदी ‘मिळते’, ‘जोडते’ नव्हे. येथे ‘टु’ लागत नाही. ‘पूर्णेला’ यातील ‘ला’ प्रत्ययामुळे मुले तो लावतात. खामगावच्या कापूस बाजारासाठी 1870 मध्ये सुरू झालेला लोहमार्गाचा फाटा मुख्य मार्गाला जलंब येथे मिळतो, म्हणून त्या स्थानकास ‘जंक्शन’ म्हणतात. ‘जंक्शन’ हा ‘जॉइन’चाच भाऊबंद.

तिसरा उपयोग माणसांचा. मुलगी शाळेत दाखल होते, शिक्षक नोकरीवर रुजू होतो, तरुण सैन्यात भरती होतो. मराठीच्या या तिन्ही क्रियापदांचे काम इंग्रजीत एकटा ‘जॉइन’ करतो : ‘शी जॉइन्ड द स्कूल’, ‘ही जॉइन्ड द आर्मी’. ‘शाळेत’, ‘सैन्यात’ या रूपांवरून मूल ‘जॉइन्ड इन द स्कूल’ असे म्हणते. ‘आमच्याबरोबर’ यावरून ‘जॉइन विथ अस’ म्हणते. शुद्ध प्रयोग ‘जॉइन अस’ असा आहे. ‘इन’ येतो तो खेळात, गाण्यात सहभागी होण्याच्या अर्थी : ‘जॉइन इन द गेम’.

‘जोडणे’ जेथे ‘जॉइन’ नव्हे

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अर्जास दाखला जोडतात, तेथे ‘अटॅच’. घराला वीज जोडतात, तेथे ‘कनेक्ट’. मित्र जोडतात, तेथे ‘मेक फ्रेंड्स’. आणि ‘जोड्या जुळवा’ या प्रश्नासाठी ‘मॅच’. गाडीला बैल जोडतात, तेथे ‘योक’.

हा शेवटचा शब्द वर्गात अवश्य सांगावा. ‘योक’ म्हणजे जू. मराठी ‘जू’ संस्कृत ‘युग’ या शब्दापासून आला आणि ‘युग’ हा ‘युज्’ या धातूपासून. ‘योग’, ‘संयोग’, ‘युक्त’ हेही त्याच धातूचे शब्द. इंग्रजी ‘योक’ आणि लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला ‘जॉइन’ यांचे मूळही तेच आहे. शेतकऱ्याच्या मुलाला हे कळले की, बापाच्या गाडीवरील जू आणि पुस्तकातील परका शब्द एकाच कुळातील आहेत, तर त्या शब्दाचे परकेपण उरत नाही.

पाठ कसा घ्यावा

साहित्य : दोराचे दोन तुकडे व जिल्ह्याचा नकाशा. प्रथम दोन मुलांकडून दोर बांधवून घ्यावेत व वाक्य म्हणवून घ्यावे. नंतर नकाशावर नळगंगेवरून बोट फिरवीत पूर्णेपर्यंत न्यावे. मग पाच मुलांना हात धरून रिंगण करावयास सांगावे व सहाव्यास ‘जॉइन अस’ म्हणून बोलवावे. कृती आधी, वाक्य नंतर आणि मराठी अर्थ सर्वांत शेवटी, हा क्रम मोडू नये. दुसऱ्या दिवशी फळ्याच्या एका बाजूस मराठी ‘जोडणे’ची पाच वाक्ये लिहून, त्यांपैकी कोणत्या वाक्यात ‘जॉइन’ चालेल, हे मुलांनाच ठरवू द्यावे.

मोबाइलमुळे ‘ग्रुप जॉइन करा’ हे शब्द आज घरोघरी पोहोचले आहेत. मुलांना ठाऊक असलेल्या या प्रयोगापासूनही पाठाचा आरंभ करता येईल. येथे ‘टु’ नाही, ‘इन’ नाही, हे मुलांच्याच तोंडून वदवून घ्यावे.

मुलाने ‘जॉइन विथ अस’ असे लिहिल्यास नुसती लाल रेघ ओढून थांबू नये. ‘मराठीत आपण आमच्याबरोबर म्हणतो, इंग्रजीत तसे म्हणत नाहीत,’ एवढे एक वाक्य त्याला सांगावे. त्यामुळे मुलाची मातृभाषा दोषी ठरत नाही आणि दोन्ही भाषांची रीत त्याला निरनिराळी कळते.