आजोबा ठसठशीत, नातू विटका

प्रश्न : आमच्या माजघरात आजोबांचा 1958 सालचा कृष्णधवल फोटो आहे. अजून मिशीचा केसन्‌केस दिसतो. शेजारीच मुलाच्या बारशाचा फोटो आहे, 2011 मध्ये घरच्या प्रिंटरवर चांगल्या चकचकीत फोटो पेपरवर काढलेला. त्याला काच नाही, नुसता चिकटवलाय. तो पार तांबूस झाला. तिथे ऊनही येत नाही. मग असं का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ऊन येत नसेल, वारा तर येतो! चोर बहुधा तोच.

आजोबांच्या फोटोत शाई नाहीच. तिथे जिलेटिनच्या थरात चांदीचे बारीक कण आहेत आणि धातू काही रंगासारखा उडत नाही. त्या स्टुडिओवाल्याने हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, हेही नीट धुऊन काढलं असणार. त्यात आळस केला असता तर आजोबा केव्हाच पिवळे पडले असते.

घरगुती प्रिंटरची रंगीत शाई बहुतेक वेळा ‘डाय’ जातीची असते. पाण्यात साखर विरघळावी तसा तिच्यात रंग विरघळलेला असतो. रंगाचा रेणू एकटा, उघडा. उजेड आणि हवेतला ओझोन त्याला सहज मोडतात. ‘पिगमेंट’ शाई म्हणजे कालवलेला गेरू. कणाचा वरचा भाग झिजला तरी आतला रंग शाबूत राहतो.

आता कागद. तुमचा फोटो प्रिंटरमधून निघताच हाताला कोरडा लागला होता ना? म्हणजे तो सूक्ष्म छिद्रांचा कागद. शाई लगेच शोषतो, पण त्याच छिद्रांतून नंतर हवाही आत शिरते. डाय शाईतला सायन, म्हणजे निळा, ओझोनपुढे सहसा आधी हार मानतो. मागे उरतात किरमिजी आणि पिवळा. म्हणून बाळ तांबूस. जुन्या पद्धतीचा, शाईने फुगणारा कागद रंगाला आत मिटून घेतो, पण वाळायला वेळ लावतो आणि कोकणातल्या पावसाळी दमटपणात त्यावर शाई पसरू शकते.

फोटो किती वर्षं टिकेल म्हणून पाकिटावर छापलेल्या आकड्यावर फार जाऊ नका. तो हिशेब ठरावीक शाई आणि ठरावीक कागद यांच्या जोडीचा असतो. बाटलीतली स्वस्त शाई भरली की जोडी मोडली. आणखी एक गंमत: बऱ्याच टाकीवाल्या प्रिंटरांत काळी शाई पिगमेंट आणि रंगीत डाय असते. साध्या कागदावर निळा-लाल पट्टा छापून, वाळल्यावर पाण्याचा थेंब टाका. पसरला तर डाय.

भिंतीवर लावायचा फोटो पिगमेंट शाईने, आम्लरहित सुती कागदावर काढून घ्या. महाग पडतो, पण एखाद-दुसऱ्या फोटोसाठी मी तो खर्च करीन. बाकीचे लॅबमधून रासायनिक फोटो पेपरवर काढा. फ्रेम करताना फोटो काचेला टेकू देऊ नका, मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट हवी. पावसाळ्यात चिकटलेला फोटो सोलून निघत नाही.

बारशाची मूळ फाइल असेल तर नवी प्रत काढा. नसेल तर आहे तो फोटो याच आठवड्यात स्कॅन करा, निळा थोडाफार शिल्लक आहे तोवर.