फुफ्फुसातील रक्ताची गुठळी : धोक्याचे मोजमाप

पायाचे हाड मोडून प्लास्टर घातलेला, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अंथरुणाला खिळलेला किंवा कर्करोगाने ग्रस्त असलेला रुग्ण अचानक धापा टाकू लागतो, छातीत कळ येते, क्वचित थुंकीवाटे रक्त पडते. अशा वेळी पायाच्या खोल नीलेत साखळलेली रक्ताची गुठळी सुटून, हृदयाच्या उजव्या भागातून फुफ्फुसाच्या रोहिणीत जाऊन अडकली असण्याचा संभव असतो. या विकारास ‘पल्मनरी एम्बोलिझम’ म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी गुठळीच्या या प्रवासाचा उलगडा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केला.

रक्त साखळू न देणाऱ्या औषधांचे महत्त्व १९६० साली ब्रिटनमधील बॅरिट व जॉर्डन यांनी दाखवून दिले. त्यांच्या चाचणीत औषध न मिळालेल्या १९ रुग्णांपैकी ५ जण गुठळीमुळे दगावले. औषध मिळालेल्या १६ जणांपैकी गुठळीमुळे कोणीही दगावले नाही.

तथापि सर्व रुग्णांना असलेला धोका सारखा नसतो. कोणाला अतिदक्षता कक्षात ठेवावे आणि कोणाला लवकर घरी पाठवावे, हा प्रश्न डॉक्टरांपुढे असतो. त्यासाठी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या रुग्णालयांतील नोंदींवरून २००५ साली एक गुणांक प्रसिद्ध झाला.

गुणांकाची रीत

वयाच्या प्रत्येक वर्षास एक गुण धरतात. पुरुष असल्यास १०, कर्करोगास ३०, हृदयाच्या दुर्बलतेस १० आणि फुफ्फुसाच्या जुनाट विकारास १० गुण मिळवितात. नाडीचे ठोके मिनिटास ११० किंवा अधिक असल्यास २०, वरचा रक्तदाब १०० हून कमी असल्यास ३०, श्वसन मिनिटास ३० किंवा अधिक असल्यास २०, शरीराचे तापमान ३६ अंश सेल्सियसहून कमी असल्यास २० आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ९० टक्क्यांखाली असल्यास २० गुण पडतात. शुद्ध हरपली असेल किंवा रुग्ण भ्रमात असेल तर सर्वाधिक, म्हणजे ६० गुण धरतात.

समजा, ४० वर्षांच्या स्त्रीच्या बाबतीत यांपैकी अन्य काहीही नाही. तिचे गुण ४० झाले. ६५ पर्यंतचे रुग्ण पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या वर्गात येतात. उलट, कर्करोग असलेल्या ७० वर्षांच्या पुरुषाची नाडी १२० असेल, तर ७०, १०, ३० व २० मिळून १३० गुण होतात. १२५ च्या पुढे पाचवा वर्ग लागतो. तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण पहिल्या वर्गात १.६ टक्क्यांपर्यंत, तर पाचव्या वर्गात १० ते २४.५ टक्के आढळले. २०१० साली केवळ सहा बाबींचा सुटसुटीत गुणांकही तयार करण्यात आला.

अंदाजाची मर्यादा

हा गुणांक समूहाविषयी सांगतो, एका व्यक्तीचे भवितव्य नव्हे. पाचव्या वर्गातीलही दर चारांपैकी किमान तीन रुग्ण तीस दिवसांनंतर हयात होते. म्हणून मोठा आकडा हे आशा सोडण्याचे कारण नसून अधिक दक्षतेची सूचना आहे. त्याचप्रमाणे लहान आकडा म्हणजे औषध टाळण्याची मुभा नव्हे.

शिवाय हे गणित निदानानंतरचे आहे. त्यापूर्वीचे काम घरच्यांचे व शेजाऱ्यांचे. अचानक दम लागल्यास रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे आणि अलीकडील शस्त्रक्रिया, बाळंतपण, दीर्घ अंथरूण किंवा एका पायावरील सूज यांची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी. योग्य निदानाचा मार्ग पुष्कळदा या माहितीतूनच सापडतो.