थकलेले हृदय आणि पेशींचे संदेश

खानदेशातील गावांत वयस्क माणसाला चार पावले चालताच धाप लागू लागली, रात्री उशा रचून झोपावे लागले, सायंकाळी पावले सुजली, की 'वय झाले' असे म्हणून विषय संपविला जातो. पुष्कळदा ती दीर्घकालीन हृदयविफलता असते. हृदय बंद पडले असा याचा अर्थ नव्हे. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्यास ते अपुरे पडते.

हा आजार का बळावतो हे समजण्यासाठी पेशींवरील 'ग्राही' ओळखले पाहिजेत. बाहेरून आलेला रासायनिक संदेश स्वीकारून तो पेशीच्या आत पोहोचविणारे हे प्रथिनांचे रेणू होत. संकटसमयी ॲड्रेनलिन व नॉरॲड्रेनलिन ही द्रव्ये हृदयातील बीटा ग्राहींना चेतवितात. ठोके जलद व जोरकस होतात. रक्तवाहिन्यांतील अल्फा ग्राही चेतविले गेले की वाहिन्या आकसतात. घटकाभराच्या संकटात ही योजना प्राण वाचविते.

हृदय दुबळे झाले की शरीर हीच हाक देते, परंतु ती महिनोन् महिने थांबत नाही. मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात, आकसलेल्या वाहिन्यांमुळे हृदयावरील भार वाढतो. शाळेची घंटा दिवसभर वाजत राहिली तर मुले तिच्याकडे लक्ष देईनाशी होतात, तसे पेशींचे होते. विफल हृदयांत बीटा ग्राहींची संख्या बरीच घटते, हे १९८२ साली अमेरिकी संशोधकांनी दाखविले.

या संदेशाचा अतिरेक काही तासांत काय करतो, हे महाराष्ट्राने लाल विंचवाच्या दंशात पाहिले आहे. विषामुळे हीच द्रव्ये रक्तात उसळतात, हृदय कोलमडते, फुप्फुसांत पाणी भरते. महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अल्फा ग्राही रोखणारे प्राझोसिन वापरले व १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याची माहिती दिली. गोळी साधी, पण कार्यकारणाचे ज्ञान अचूक!

दीर्घ आजारात बीटा ग्राही रोखावे लागतात. दुबळ्या हृदयाचा वेग कमी करणे पूर्वी घातक मानले जाई. स्वीडनमध्ये १९७५ साली फिन वागस्टीन व सहकाऱ्यांनी हा समज बाजूस सारून उपचार केले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत अशा रुग्णांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले.

मात्र हे औषध अत्यल्प मात्रेने सुरू करून आठवड्यांच्या अंतराने वाढवावे लागते. आरंभी थकवा येतो, तर पुढे बरे वाटते. दोन्ही वेळी रुग्ण गोळी सोडतो. ती एकाएकी सोडणे धोक्याचे आहे. ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनी घरोघर हे एवढे जरी सांगितले तरी पुष्कळ होईल.

उन्हाळ्यात आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. उडदाचे पापड, बिबडे, लोणची यांतून नकळत पोटात जाणारे मीठ आवरावे. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा लघवीच्या गोळीची मात्रा डॉक्टरांना विचारून घ्यावी, स्वतः बदलू नये. रुग्णाने रोज सकाळी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलो वाढल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. तेथून पुढील तपासणीसाठी धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत.