टीव्ही न पाहणाऱ्याने ते कसे सांगावे

"आमच्या घरी टीव्ही नाही," किंवा "आम्ही टीव्ही पाहत नाही," असे वाक्य आपणांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल, काहींनी उच्चारलेही असेल. वाक्य लहान आहे व बहुधा खरे असते. परंतु त्याचे फळ सर्वत्र सारखे येत नाही. एके ठिकाणी ते ऐकून मनुष्य आपल्या घरच्या रीतीचा विचार करू लागतो. दुसऱ्या ठिकाणी तेच ऐकून शेजारीण मुकाट्याने उठून जाते व पुन्हा त्या घराची पायरी चढत नाही. टीव्ही पाहावा की न पाहावा, ह्याचा निवाडा आम्ही ह्या पाठात करीत नाही. ज्या कुटुंबाने न पाहण्याचे ठरविले आहे, त्याने ते इतरांस केव्हा व कोणत्या रीतीने सांगावे, एवढेच आपण पाहू.

१. पूर्वीची व आताची स्थिती

आपल्या देशात टीव्हीचे प्रक्षेपण १९५९ साली दिल्लीत प्रयोगादाखल सुरू झाले. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले. पुढे १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर, अमेरिकेच्या उपग्रहाच्या साह्याने, सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षण ह्या विषयांचे कार्यक्रम दाखविण्यात आले. तेथे संच एकाच्या मालकीचा नसून साऱ्या गावासाठी असे, व लोक एकत्र बसून पाहत. १९८७ साली 'रामायण' ही मालिका सुरू झाली, तेव्हाही पुष्कळ खेड्यांत एका घरी संच व त्याच्या अंगणात सारी आळी, असाच प्रकार होता. कोण आला व कोण आला नाही, हे सर्वांस दिसत असे. आता संच घरोघरी आहेत आणि मोबाईल खिशाखिशात आहे. पाहणे एकट्याचे झाले आहे. कोण पाहतो व कोण पाहत नाही, हे बोलल्यावाचून कळत नाही. म्हणूनच ह्या बोलण्यास महत्त्व आले आहे.

२. बढाईचा धोका

कोणताही त्याग बोलून दाखविण्यात एक धोका असतो. लूककृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायातील दृष्टांतात मंदिरात उभा राहिलेला परूशी आपल्या उपासांचा हिशेब देतो, आणि तो देता देता जकातदाराशी आपली तुलना करितो. त्याचे उपास खोटे होते असे तेथे म्हटलेले नाही. दोष त्या तुलनेत होता. आमच्या विषयासही हेच लागू पडते. "आम्ही पाहत नाही" ह्या शब्दांमागे "आम्ही तुमच्यासारखे नव्हे" हे वाक्य दडलेले असेल, तर ऐकणारा नेमके तेच ऐकतो.

ऐकणारा कोण आहे, हेही पाहिले पाहिजे. दिवसभर खुरपणी करून आलेल्या बाईस रात्रीची अर्ध्या तासाची मालिका हाच काय तो विसावा असेल. अंथरुणास खिळलेल्या म्हाताऱ्यास त्या पेटीतील आवाज हीच सोबत असेल. एखाद्या मजुराने पै पै साठवून संच घेतला असेल. त्याच्या घरी चहा घेत त्या संचाची निंदा करणे म्हणजे त्याच्या कष्टांचीच निंदा होय. टीव्हीपासून काहीच हित होत नाही, असेही म्हणता येत नाही. मुंबई दूरदर्शनच्या 'आमची माती, आमची माणसं' ह्या कार्यक्रमाने शेतकऱ्यांस त्यांच्याच भाषेत शेतीची माहिती दिली. हे सर्व विसरून जो सरसकट दोष देतो, तो आपल्या वर्ज्य केलेल्या गोष्टीविषयीसुद्धा न्यायाने बोलत नाही.

३. जे सांगावे ते खरे असावे

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याकडे लहानथोरांस ठाऊक आहे. ज्याच्या घरी संच नाही, परंतु जो मध्यरात्रीपर्यंत मोबाईलवर त्याच मालिका व तेच सामने पाहतो, त्याने टीव्ही सोडलेला नाही. लहान मात्र केला आहे. त्याने "आम्ही टीव्ही पाहत नाही" असे म्हणणे अक्षरशः खरे असले तरी प्रामाणिकपणाचे नाही. आपली लेकरे हा भेद तत्काळ ओळखतात, आणि वडीलधाऱ्यांच्या इतर शब्दांवरचा त्यांचा विश्वासही त्यामुळे ढळतो.

कारण सांगतानाही सरळपणा असावा. पैशाअभावी संच घेतला नसेल, तर तसे सांगण्यात कमीपणा नाही. मुलीची दहावीची परीक्षा आहे म्हणून वर्षभर बंद ठेवला असेल, तर तेवढेच सांगावे. साध्या अडचणीस तत्त्वाचा पोशाख चढवू नये.

४. सांगणे केव्हा उपयोगी पडते

मग मौनच बरे, असे कोणी म्हणेल. पण तसेही नाही. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून एक गाव आहे. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलवर भरल्या, व पुढे शाळा उघडल्या तरी मुलांचा मोबाईल सुटेना. तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये गावाने ठरविले की, रोज सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजवावा आणि दीड तास सर्वांनी टीव्ही व मोबाईल बंद ठेवून मुलांस अभ्यासास बसवावे. आरंभी लोकांची समजूत घालण्यासाठी घरोघर हिंडावे लागले. भोंग्याहून मोठ्याने आणखी काय सांगता येईल? तथापि त्या सांगण्याने कोणाचा अपमान झाला नाही. त्याची वेळ ठरलेली होती, हेतू मुलांच्या हिताचा होता, आणि सरपंचापासून मजुरापर्यंत सर्वांस नियम एकच होता. एकट्या घरास जे कठीण जाते, ते शेजाऱ्यांनी मिळून केले असता सोपे होते. परंतु कोणी तरी प्रथम तोंड उघडल्याशिवाय शेजारी मिळणार कसे?

घरगुती व्यवहारातही सांगण्याचे प्रसंग येतात. पाहुणे मुक्कामास आले, तर त्यांस आधीच प्रेमाने सांगावे, "आमच्याकडे टीव्ही नाही बरं का; जेवणं झाली की ओट्यावर बसून बोलू." मुले शेजारी खेळावयास जात असतील, तर शेजारणीस सांगावे, "ताई, तुमच्याकडे टीव्ही चालू असला तर चालू द्या. फक्त आमच्या पोराला सहाला घरी धाडा." तिच्या घरचा कारभार तिचा आहे. मालिकेविषयी कोणी विचारले, तर "मी पाहिली नाही, काय झालं तिच्यात, सांगा की!" एवढे म्हटल्याने सत्यही राखले जाते व स्नेहही. आणि आजाऱ्याच्या भेटीस गेलो असता तेथे टीव्ही चालू असेल, तर उपदेश न करिता त्याच्याजवळ बसावे. त्याची इच्छा असल्यास त्याच्याबरोबर पाहावेही. आपला नियम आपल्या घरासाठी आहे.

५. वाचलेला वेळ कोठे गेला?

शेत नांगरून तण काढले, पण पेरलेच नाही, तर आषाढात तेथे पुन्हा तणच माजते. टीव्ही बंद करणे हे नांगरणीसारखे आहे. त्यापासून जो एक तास मोकळा झाला, तो कोणाच्या वाट्यास आला? म्हाताऱ्या आईच्या? अभ्यासात मागे पडलेल्या मुलाच्या? ज्याच्याशी वर्षभर अबोला आहे त्या भावाच्या? जर तो तास अशा कोणास मिळाला असेल, तर शेजारीपाजारी आपण होऊन विचारतील, "तुम्हाला एवढा वेळ मिळतो तरी कसा?" त्या वेळी "आम्ही टीव्ही पाहत नाही" असे सांगावे. तेव्हा ते वाक्य कोणास बोचणार नाही, कारण ते त्याच्याच प्रश्नाचे उत्तर असेल. आणि तो तास कोणासच मिळाला नसेल, तर अद्याप सांगण्याजोगे आपणांपाशी फारसे काही नाही, असे समजून प्रथम पेरणीस लागावे.

विचारासाठी प्रश्न

१. आपण जे वर्ज्य केले आहे, ते आपण कोणास व कशासाठी सांगतो?
२. आपल्या आळीतील कोणत्या घरी टीव्ही हीच एकमेव सोबत आहे? तेथे आपण शेवटी केव्हा गेलो होतो?
३. मुलांच्या अभ्यासासाठी आपल्या वस्तीस एखादी वेळ मिळून ठरविता येईल काय? तिचा आरंभ कोणी करावा?