फवारणी पंपाची बॅटरी व तिचे भारण

कापूस, तूर, सोयाबीन आणि भाजीपाला या पिकांवर फवारणी करण्यासाठी बॅटरीवर चालणारे पाठीवरचे पंप आता पुष्कळ गावांत वापरले जातात. हाताने दांडा मारण्याचे श्रम त्यामुळे वाचतात व फवाराही एकसारखा पडतो. परंतु ऐन फवारणीच्या दिवशी बॅटरी अर्ध्या वावरातच बंद पडली, तर मजुरी वाया जाते, कालवलेले औषध तसेच राहते आणि किडीला मोकळे रान मिळते. अशा वेळी बॅटरीच निकृष्ट निघाली असा समज होतो. कित्येकदा खरा दोष बॅटरीचा नसून ती भरण्याच्या पद्धतीचा असतो. यास्तव बॅटरी कशी भरते व भारणावर देखरेख करणारी लहानशी चिप काय काम करते, हे समजून घेणे शेतकरी बंधूंच्या हिताचे आहे.

चिप म्हणजे बॅटरीचा पाटकरी

बॅटरी म्हणजे विजेचा हौद होय. हौद विहिरीच्या पाण्याने भरता येतो, तसा पाटाच्या पाण्यानेही भरता येतो. तद्वत पंपाची बॅटरी घरच्या विजेवर अडॅप्टर लावून भरता येते व सौर पॅनेलनेही भरता येते. परंतु पाटाला पाणी किती आहे व हौदात किती मावते, हे पाहून दार वरखाली करणारा पाटकरी लागतो. पंपातील भारण-चिप हे पाटकऱ्याचे काम करते. तिचे नियम दोन आहेत. बॅटरीला झेपेल त्याहून अधिक वीज द्यावयाची नाही. आणि वीज देणाऱ्या साधनाला झेपेल त्याहून अधिक वीज त्याच्याकडून ओढावयाची नाही. भारणाचे सर्व शास्त्र या दोन नियमांत सामावलेले आहे.

पहिला नियम : बॅटरीला झेपेल तेवढेच

पंपांत मुख्यतः दोन प्रकारच्या बॅटऱ्या येतात. शिसे-आम्ल बॅटरी फ्रान्समधील शास्त्रज्ञ गॅस्टन प्लांते यांनी १८५९ साली तयार केली. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली जपानमध्ये प्रथम बाजारात आली. दोहोंचे भारण टप्प्याटप्प्यानेच करावे लागते.

आरंभी चिप ठरावीक प्रवाह सोडते. ८ अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीस हा प्रवाह साधारणतः ०.८ ते १.६ अँपिअर असावा. बॅटरी भरत जाते तसतसा तिचा दाब चढतो. १२ व्होल्टांच्या शिसे-आम्ल बॅटरीचा दाब सुमारे १४.४ व्होल्टांवर पोचला, की चिप दाब तेथेच धरून ठेवते व प्रवाह हळूहळू उतरू देते. शेवटी दाब सुमारे १३.६ व्होल्टांवर आणून ती बॅटरी भरलेल्या स्थितीत राखते. हे नियंत्रण नसेल तर बॅटरीतील पाण्याचे विघटन होऊन वायू सुटतात, आतील ओलावा आटतो आणि बॅटरी अकाली निकामी होते.

लिथियमच्या बाबतीत सीमा अधिक कडक आहे. नेहमीच्या लिथियम-आयन घटाचा दाब ४.२ व्होल्टांपुढे जाता कामा नये. असे तीन घट एकापुढे एक जोडलेल्या बॅटरीची मर्यादा १२.६ व्होल्ट होते. तिला शिसे-आम्ल बॅटरीचा १४.४ व्होल्टांचा चार्जर लावल्यास प्रत्येक घटावर ४.८ व्होल्टांपर्यंत दाब येऊ शकतो. बॅटरीतील संरक्षक मंडल बिघडलेले असेल, तर अशा वेळी बॅटरी फुगते व पेटही घेऊ शकते. दोन्ही बॅटऱ्यांवर ‘१२ व्होल्ट’ असेच लिहिलेले असले, तरी त्यांचे चार्जर एकमेकांस चालत नाहीत, हे पक्के ध्यानात ठेवावे.

दुसरा नियम : साधनाला झेपेल तेवढेच

घरच्या विजेवरील अडॅप्टरचा दाब स्थिर असतो व त्यातून किती प्रवाह मिळेल हे त्यावर लिहिलेले असते. चिप त्या मर्यादेच्या आत राहते. सौर पॅनेलची गोष्ट निराळी आहे. ऊन तिरपे झाले, ढग आला किंवा पॅनेलवर धूळ बसली, की त्यातून मिळणारा प्रवाह घटतो. त्या वेळी पूर्वीइतकाच प्रवाह ओढत राहिल्यास पॅनेलचा दाब एकदम कोसळतो. उपसा झऱ्यापेक्षा जास्त झाला म्हणजे विहीर जशी तळाला लागते, तसाच हा प्रकार आहे.

चांगली चिप पॅनेलच्या दाबावर सतत लक्ष ठेवते. दाब उतरू लागताच ती आपली मागणी कमी करते आणि ऊन वाढताच पुन्हा वाढवते. २० वॅटचे पॅनेल भर उन्हात साधारण १७ ते १८ व्होल्टांवर आपली पूर्ण शक्ती देते. तेच पॅनेल तारांनी सरळ १२ व्होल्टांच्या बॅटरीस जोडले, तर दाब खाली ओढला जाऊन सुमारे १४ वॅटच पदरात पडतात. योग्य दाब राखणारी चिप पॅनेलला त्याच्या सोयीच्या दाबावर चालू देते, पुढे तो दाब उतरवून प्रवाह वाढवते आणि बॅटरीस सुमारे १.४ अँपिअर मिळवून देते.

या हिशेबाने ८ अँपिअर-तासांची रिकामी बॅटरी एका निरभ्र दिवसाच्या पाच तास चांगल्या उन्हात बरीचशी भरते. परंतु फवारणीचे दिवस हे बहुधा पावसाळ्याचे असतात. ढगाळ हवेत पॅनेलचे उत्पन्न एक-चतुर्थांशावर आले, तर त्याच भारणास चार दिवस लागतील. म्हणून खरीप हंगामात केवळ सौर पॅनेलवर विसंबून राहू नये. गावात वीज असेल तेव्हा अडॅप्टरने बॅटरी भरावी व राहिलेली उणीव पॅनेलने भरून काढावी.

दोन्ही साधने जोडली असता

दोन्ही साधनांची सोय असलेल्या पंपात कोणाची वीज आधी घ्यावयाची, हे उत्पादकाने ठरवून दिलेले असते. सामान्यतः स्थिर असलेल्या अडॅप्टरला पहिला मान मिळतो. घरची वीज गेली की चिप पॅनेलकडे वळते. एका साधनाची वीज दुसऱ्यात शिरणार नाही व रात्री बॅटरीतील वीज पॅनेलमध्ये उलटी वाहून जाणार नाही, ही दक्षताही तेथेच घेतलेली असते. चिप वगळून दोन्हींच्या तारा एकत्र पिळल्या, तर हे सर्व संरक्षण नाहीसे होते.

भारण थांबले म्हणजे बिघाड नव्हे

पुष्कळ चार्जरांत बॅटरीचे तापमान मोजण्याची सोय असते. लिथियम बॅटरीचे भारण साधारणतः ० ते ४५ अंश सेल्सिअस या मर्यादेतच करावयाचे असते. विदर्भात मे महिन्यात सावलीतील तापमानही कित्येकदा ४५ अंशांपलीकडे जाते. पत्र्याखाली ठेवलेली बॅटरी तर त्याहूनही तापते. अशा वेळी चिप भारण थांबवते. यंत्र बिघडले असे समजून तारा सरळ जोडण्याचा मोह या प्रसंगी होतो. तो आवरावा. बॅटरी सावलीत निवू द्यावी. भारण पुन्हा सुरू होते.

दक्षता

१. पंपासोबत आलेलाच चार्जर वापरावा. बॅटरी बदलताना तिचा प्रकार व व्होल्ट दोन्ही पाहावेत आणि प्रकार बदलल्यास चार्जरही बदलावा.

२. पॅनेल नियंत्रकावाचून बॅटरीस जोडू नये. पॅनेल उन्हात व बॅटरी सावलीत ठेवावी. पॅनेलवरील धूळ ओल्या फडक्याने पुसावी.

३. शिसे-आम्ल बॅटरी वापरानंतर त्याच दिवशी भरण्यास लावावी. रिकामी राहिल्यास तिच्या पट्ट्यांवर कठीण थर बसून क्षमता घटते. हंगाम संपल्यावर ती पूर्ण भरून ठेवावी व मधूनमधून पुन्हा भरावी.

४. लिथियम बॅटरी दीर्घकाळ ठेवावयाची असल्यास अर्धी भरलेली, थंड व कोरड्या जागी ठेवावी. फुगलेली बॅटरी पुन्हा भरू नये.

५. भारणाची जागा हवेशीर असावी. औषधे, डिझेल व कडबा यांच्याजवळ बॅटरी भरण्यास लावू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी एक साधे प्रात्यक्षिक करून दाखवावे. त्यास मल्टीमीटर पुरेसा आहे. चार्जर काढून काही तास ठेवलेली १२ व्होल्टांची शिसे-आम्ल बॅटरी सुमारे १२.७ व्होल्ट किंवा अधिक दाखवीत असेल, तर ती भरलेली समजावी; १२ व्होल्टांखाली असेल, तर बहुतेक रिकामी समजावी. त्यानंतर कशासही न जोडलेल्या पॅनेलचा दाब उन्हात मोजावा. १२ व्होल्टांच्या बॅटरीसाठी असलेल्या पॅनेलवर तो २१ व्होल्टांच्या आसपास भरतो. पॅनेलचा दाब ठीक आहे, चार्जर जोडलेला आहे आणि तरीही बॅटरीचा दाब चढत नाही, असे आढळल्यास दोष चार्जरमध्ये, जोडणीत किंवा बॅटरीत आहे. मग पंप जाणकार कारागिराकडे न्यावा. ही तपासणी पेरणीपूर्वी झाली, तर दुरुस्तीस अवधी मिळतो आणि कीड दिसेल त्या दिवशी पंप कामास तयार असतो.