आजोबांच्या पेटीतला तारा

प्रश्न : आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. घरी ताऱ्याच्या आकाराचे पदक आणि लाल-पांढरी-हिरवी फीत आहे. ते कुठे लढले, हे कसे कळेल?

उत्तर : फीत मूळचीच असेल तर आजोबा बहुधा इटलीत होते. हे रंग ‘इटली स्टार’चे. खात्रीसाठी पदकाच्या मध्यभागी पाहा. राजचिन्हाभोवती मोहिमेचे नाव इंग्रजीत कोरलेले असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी तिथे फार कठीण लढाया लढल्या. नाईक यशवंत घाडगे यांना 10 जुलै 1944 रोजी टायबर खोऱ्यात वीरमरण आले, तर नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना गोळीबारातून बाहेर काढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तुमचे आजोबा यांच्यापैकी कोणाच्या पलटणीत होते का, हे मात्र पदक सांगत नाही. ते फक्त रणभूमी सांगते.

पुढचे सारे काही त्यांच्या सैनिकी क्रमांकावर अवलंबून आहे. एकाच नावाचे अनेक शिपाई असत, त्यामुळे नुसत्या नावावर शोध अडतो. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, जुनी पत्रे, फोटोंच्या मागची बाजू, सगळे तपासा. क्रमांक, गाव आणि भरतीचे साल कळवून बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला अर्ज करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मार्गदर्शन करते.

पदक घासूनपुसून चकचकीत करू नका. आणि आजी किंवा आजोबांचे भाऊबंद हयात असतील, तर अर्जाच्या आधी त्यांच्याशी बोला.