प्रोस्टेटचा कर्करोग आणि वहीतली मिटलेली पाने



या वेळचा विषय पुरुषांचा आहे. पण भगिनींनी पान उलटू नये. आमच्या घरी हा विषय माझ्या पत्नीमुळेच मार्गी लागला.

मी निवृत्तीपूर्वी इथे दक्षिणेतल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. दुसऱ्यांच्या रक्ताच्या नळ्या आयुष्यभर हाताळल्या, पण स्वतःच्या बाबतीत शहाणपण सुचले नाही. वयाच्या ६९व्या वर्षी कुपत होलिमच्या डॉक्टरांनी माझी पीएसए तपासणी केली. आकडा ६.२ आला. बायॉप्सी झाली, सुईने बारा तुकडे काढले, आणि निकाल आला की कर्करोग नाही. मला वाटले, सुटलो! डॉक्टरांनी सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितले होते. मी दोन वर्षे गेलोच नाही. पत्नीच्या हाती ती चिठ्ठी लागली तेव्हा ती म्हणाली, "अहो, चष्म्याचा नंबर वाढला तर चौघांना सांगता, आणि हे एवढे लपवून ठेवता?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. रक्त पुन्हा तपासले तर आकडा ९च्या वर गेलेला!

मग पहिली बायॉप्सी खोटी होती का? नाही. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असते. वयाबरोबर ती मोठी होते. बारा सुया म्हणजे तिचा फार थोडा भाग. सुई जिथे गेली तिथे रोग नव्हता, एवढेच त्या निकालाचे म्हणणे होते. दुसऱ्या वेळी आधी एमआरआय केला, तेव्हा ग्रंथीच्या पुढच्या बाजूला डाग दिसला. त्या डागावर नेम धरून सुई घातली आणि रोग सापडला. सुदैवाने तो हळू वाढणाऱ्या प्रकारचा होता.

या काळात मी पुन्हा वाचायला बसलो. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला जे आम्हाला ठाऊक नव्हते, ते एक शास्त्र आता खूप पुढे गेले आहे. त्याचे नाव एपिजेनेटिक्स. ते सोप्या शब्दांत सांगतो.

माझ्या आईची पाककृतींची एक वही होती. चिकाचा हलवा, पुरिमच्या पुरणपोळ्या, करंज्या, सगळे तिच्या हातचे लिहिलेले. आपल्या प्रत्येक पेशीत अशीच एक वही असते. ती म्हणजे डीएनए. तिची लिपी फक्त चार अक्षरांची, पण एकूण अक्षरे सुमारे तीनशे कोटी. यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत वही एकच असते. मग यकृत यकृताचे काम करते आणि डोळा डोळ्याचे, ते कसे? प्रत्येक पेशी आपल्याला लागणारी पाने उघडी ठेवते आणि बाकीची चाप लावून मिटून टाकते.

हा चाप कसला असतो? एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा मिथाइल नावाचा छोटासा गट. तो डीएनएमधल्या 'सी' या अक्षराला चिकटतो, बहुतेक वेळा जिथे 'सी'च्या पुढे 'जी' असते तिथे. यालाच डीएनए मिथायलेशन म्हणतात. जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर असे पुष्कळ चाप बसले की ते पान वाचले जात नाही. अक्षर एकही पुसलेले नसते, पण पान बंद. पेशीचे दोन भाग होतात तेव्हा वहीची नक्कल निघते आणि चापही नकलेवर त्याच जागी लागतात. म्हणून यकृताच्या पेशीपासून यकृताचीच पेशी होते.

आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे या शास्त्राचा मोठा पाया जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात घातला गेला. प्रा. हॉवर्ड सीडर आणि प्रा. आहरोन राझिन यांनी मिथायलेशनवर अनेक वर्षे एकत्र काम केले. दोघांनाही इस्राएल पारितोषिक मिळाले, आणि २००८ साली वैद्यकातले वुल्फ पारितोषिकही. राझिन २०१९ साली वारले.

आता प्रोस्टेटकडे येऊ. आईच्या वहीत शेवटी एक पान होते, भांडी कशी घासावी, कळकलेला टोप कसा साफ करावा. पेशीच्या वहीतही साफसफाईची पाने असतात. त्यांतले एक म्हणजे जीएसटीपी-१ हे जनुक. पेशीत शिरलेली किंवा तिथेच तयार झालेली घातक रसायने निकामी करणारे प्रथिन त्यावरून बनते. १९९४ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील विल्यम नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की प्रोस्टेटच्या कर्करोगात या पानावर चाप बसलेले असतात. त्यानंतरच्या संशोधनात दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत हेच आढळले. वयामुळे साधी वाढलेली प्रोस्टेट असेल तर हे क्वचित दिसते. साफसफाईचे पान बंद झाले की घाण साचते, डीएनएला इजा होते आणि बिघाड वाढत जातो.

याचा व्यवहारात उपयोग काय? गाठीच्या आसपासच्या, सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी दिसणाऱ्या पेशींतही असे चाप आढळतात. म्हणजे सुई गाठीला चुकली तरी शेजारच्या तुकड्यात तिची खूण सापडू शकते. यावरून एक चाचणी तयार झाली. पहिल्या बायॉप्सीचे मेणात जपून ठेवलेले तुकडेच घेऊन जीएसटीपी-१ आणि आणखी दोन जनुकांवरचे चाप पाहतात. नवी सुई टोचावी लागत नाही. खुणा नसतील तर दुसरी बायॉप्सी टाळण्याचा विचार करता येतो. मात्र अशा निकालानंतरही दहापैकी सुमारे एकात पुढे कर्करोग सापडला आहे, म्हणून रक्ततपासणी सोडायची नाही. ही चाचणी सरसकट सगळ्यांची होत नाही. एमआरआय, पीएसए आणि डॉक्टरांचे मत यांच्या जोडीला ती आहे.

ओळखीचे लोक मला तीन प्रश्न हटकून विचारतात.

पहिला, "हे चाप मुला-नातवंडांत जातात का?" गाठीतले चाप त्या माणसाच्या प्रोस्टेटमध्ये, त्याच्या हयातीत बसलेले असतात. ते वारशाने जात नाहीत. पण वहीतले अक्षरच चुकलेले असेल, जसे बीआरसीए-२ या जनुकात, तर ती चूक मुलांत जाऊ शकते. वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला असेल तर धोका साधारण दुप्पट होतो. म्हणून मुलांपासून लपवू नका. मी माझ्या दोन्ही मुलांना बसवून सांगितले.

दुसरा, "चाप काढता येतात का?" रक्ताच्या एका विकारावर असे काम करणारे अॅझासिटिडीन हे औषध अमेरिकेत २००४ साली मंजूर झाले. प्रोस्टेटसाठी असा उपचार अजून नेहमीच्या वापरात आलेला नाही.

तिसरा, "मग व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊ का?" स्वतःच्या मनाने घेऊ नका. ३५,००० हून अधिक पुरुषांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत रोज व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग कमी न होता १७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. हा निष्कर्ष २०११ साली जाहीर झाला.

माझ्यावर शस्त्रक्रिया झालेली नाही. ठरलेल्या वेळी रक्ततपासणी, एमआरआय आणि लागेल तेव्हा बायॉप्सी, अशी नजर ठेवली आहे. हे दुर्लक्ष नव्हे. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांवर झालेल्या अभ्यासात देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार असे तीन गट होते. त्यांच्यात रोग बहुतेक सुरुवातीच्या अवस्थेतला होता. १५ वर्षांनंतर तिन्ही गटांत या रोगाने मरण पावलेले साधारण शंभरात तीनच होते. पण माझ्यासारखी दोन वर्षे दडी मारणे म्हणजे देखरेख नव्हे!

शेवटी चार गोष्टी लक्षात ठेवा.

१. सुरुवातीला या रोगाचे बहुधा काहीच लक्षण नसते. रात्री वारंवार लघवीला उठावे लागते ते बहुतेकदा ग्रंथी वाढल्यामुळे, तरी डॉक्टरांना सांगा. लघवीत रक्त दिसले तर थांबू नका.

२. पीएसए वाढला म्हणजे कर्करोगच असे नाही. ग्रंथी वाढल्याने किंवा जंतुसंसर्गानेही तो वाढतो. आपल्या वयात ही तपासणी करावी की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

३. ग्रंथी लहान करणारे फिनॅस्टराइड घेत असाल तर जरूर सांगा. त्याने पीएसएचा आकडा साधारण निम्मा दिसतो आणि फसगत होते.

४. जुने आकडे तारखेसह एका वहीत लिहून ठेवा. एका आकड्यापेक्षा तो कसा बदलतो आहे, यावरून डॉक्टरांना जास्त कळते.

माझी ती वही आता पत्नीच्या ताब्यात आहे. पुढच्या तपासणीची तारीख तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली आहे. आपणही आपली तारीख घरात कुणाला तरी सांगून ठेवा.